दोन जाळीं

२०२२ च्या फेब्रुवारी महिन्यापूर्वीं युक्रेन या देशाचें नांव आपल्याकडील बहुतेक घरांत भूगोलाच्या पुस्तकापलीकडे फारसें कोणी उच्चारीत नसे. वैद्यकीच्या शिक्षणासाठीं तिकडे गेलेलीं मुलें परत कशीं येतील, ही काळजी त्या दिवसांत ज्या घरांनीं वाहिली त्यांत महाराष्ट्रांतील घरेंही थोडीथोडकीं नव्हतीं. खारकीव्ह, सुमी हीं नांवें तेव्हां आजीबाईंच्याही तोंडीं बसलीं. मुलें सुखरूप आलीं आणि त्या देशाकडील आपलें लक्ष हळूहळू ओसरलें. युद्ध मात्र पुढें वर्षानुवर्षें चाललें. आणि त्यानें जगापुढें अशी एक गोष्ट आणिली कीं, जिचा संबंध छावणीशीं जितका तितकाच माजघराशीं व घरांतल्या रिकाम्या हातांशीं आहे. तिचाच विचार येथें करावयाचा आहे.

युद्धसामग्री म्हटली म्हणजे धुरांडीं, भट्ट्या, पहारेकरी व कुलूपबंद कारखाने असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि तें खोटेंही नव्हे. पण त्याच सामग्रीचा बराच मोठा भाग असा असतो कीं, तो कोणत्याही सरकारी कारखान्यांत तयार होत नाहीं. २०१४ सालीं पूर्व युक्रेनमध्यें लढाई सुरू झाली तेव्हांपासून तेथील बायका शाळांच्या सभागृहांत व वाचनालयांत जमून, तोफा, गाड्या व खंदक शत्रूच्या नजरेपासून झांकण्याचीं जाळीं विणूं लागल्या. लांकडी चौकटीवर सुताचें मोकळें जाळें ताणावयाचें आणि त्याच्या प्रत्येक घरांतून जुन्या कापडाची पट्टी ओवून गांठ मारीत जावयाचें, इतकेंच तें काम. उन्हाळ्यांत हिरव्या पट्ट्या, पानगळीच्या दिवसांत पिवळ्या-तपकिरी, आणि बर्फ पडलें कीं जुन्या चादरी फाडून काढलेल्या पांढऱ्या. कोणी जाळें विणी, तर कोणी खंदकांतली मेणबत्ती करी. रिकाम्या डब्यांत पुठ्ठ्याची गुंडाळी बसवावी, तीवर वितळलेलें मेण ओतावें, कीं झाली तयार; तिच्यावर शिपायाचा चहा गरम होतो आणि बोटें शेकलीं जातात.

२०२२ नंतर हींच कामें सीमेपलीकडे रशियांतही तितक्याच निष्ठेनें घरोघर होऊं लागलीं. स्वतंत्र शेजाऱ्याच्या अंगावर रणगाडे नेणारा तो आक्रमक, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. परंतु राज्यकर्त्यांचा अपराध आणि कुठल्याशा गांवांतील निवृत्त शिक्षिकेच्या हातांतली कापडाची पट्टी एकाच तराजूंत तोलतां येत नाहीं. आणि प्रस्तुत विषय नीट उमजण्यास दोन्ही बाजूंच्या घरांत डोकावणें भाग आहे. गंमत अशी कीं, रशियन भाषेंत विणलेल्या जाळ्याला जो शब्द आहे, 'सेत्य', तोच इंटरनेटलाही लावतात. आपणही इंटरनेटला महाजाल म्हणतोंच. तेव्हां एकीकडे हातांनीं विणलेलें जाळें व दुसरीकडे तारांनीं व लहरींनीं विणलेलें जाळें, अशीं हीं दोन जाळीं आहेत; आणि दुसरें तुटलें तर पहिलें कितपत टिकतें, हा प्रश्न आहे.

केवळ जाळ्यांचा व मेणबत्त्यांचाच व्यवहार असता तर हा प्रश्न फारसा बिकट झाला नसता. पण या युद्धांत घरच्या टेबलावर तयार होणारी तिसरी एक वस्तु पुढें आली, ती म्हणजे लहान ड्रोन. चार पंख्यांचें, दोन हातांत मावेल एवढें हें यंत्र. त्याच्या पुढच्या अंगास बसविलेल्या कॅमेऱ्यांतून चालकास सर्व दिसतें, आणि चालक तें मैलोगणती दूर बसून नेमकें लक्ष्यावर नेऊन आदळवितो. त्याची किंमत चार-पांचशें डॉलरच्या आसपास, म्हणजे तोफेच्या एका चांगल्या गोळ्याहून कितीतरी कमी. चौकट, चार मोटारी, नियंत्रणाची छोटी पाटी, कॅमेरा, चित्र धाडणारें यंत्र, आज्ञा झेलणारें यंत्र व विजेरी हे त्याचे अवयव बाजारांत सुटे मिळतात, बहुतेक चीनहून येतात. आणि ज्याला डाख देऊन तार जोडतां येते त्याला तें जुळवितां येतें. स्फोटक बसविण्याचें काम अर्थातच आघाडीवरील सैनिकाचें. घरांत तयार होतें तें फक्त उडणारें यंत्र.

युक्रेनमध्यें मारिया बर्लिन्स्का या बाईंच्या पुढाकारानें चाललेल्या 'व्हिक्टरी ड्रोन्स' या प्रकल्पांतून 'लोकांचें एफपीव्ही' अशा अर्थाच्या नांवाचा एक मोफत शिक्षणक्रम निघाला. तो सर्वस्वी इंटरनेटवरून. नांव नोंदवावें, धडे पाहावे, भाग स्वतःच्या पैशानें मागवावे, यंत्र जुळवावें, तपासणीसाठीं पाठवावें. तपासणींत उतरलें कीं तें सैन्याकडे जाई. लेखनिक, गवयी, पेन्शनर, शाळकरी मुलांच्या आया असे लोक रात्रीं जेवणखाण आटोपल्यावर दिव्याखालीं मोटारींच्या तारा जोडीत बसत. त्याच देशांत २०२३ पासून 'द्रुकआर्मी' म्हणजे 'छपाईची फौज' या नांवाची दुसरी एक संघटना उभी राहिली. ज्यांच्या घरीं थ्री-डी प्रिंटर नांवाचें, प्लास्टिकची तार वितळवून हव्या त्या आकाराची वस्तु थरावर थर देऊन घडविणारें यंत्र आहे, त्यांना ती एकत्र गुंफते. पलटणीकडून मागणी येते, ती संकेतस्थळावर लागते, ज्याला जमेल तो तिच्यांतला आपला वांटा उचलतो, आणि चार दिवसांनीं टपालाच्या पार्सलानें वस्तु रवाना होते. या कारखान्याला भिंत नाहीं, भोंगा नाहीं, मुकादम नाहीं. आहे तें एवढेंच, कीं हजारों घरें एका अदृश्य दोऱ्यानें बांधलेलीं आहेत.

येथें थोडें मागें वळून पाहण्यासारखें आहे. १९६२ सालीं चीननें आपल्या सीमेवर आक्रमण केलें त्या हिंवाळ्यांत आपल्याकडेही घरोघर जवानांसाठीं लोकरीचे स्वेटर विणले गेले, हें वडीलधाऱ्या मंडळींस आठवत असेल. त्या कामाला बाहेरून फारच थोडें लागे: लोकर, सुया, माप आणि एकदां समजून घेतलेला टांका. माप कळलें कीं सहा महिने कोणाचा निरोप आला नाहीं तरी चालत होतें. थंडी तीच, जवानाची छाती तीच, स्वेटरही तोच. घराचें युद्धाशीं असलेलें नातें त्या काळीं पोस्टमनच्या चालीनें चालत असे, आणि ती चाल पुरेशी होती.

ड्रोनची गोष्ट अगदीं निराळी. शत्रु ज्या लहरींवर आज्ञा जातात त्या लहरींवर गोंगाट सोडतो; यंत्र आंधळें-बहिरें होऊन मध्येंच पडतें. मग लहरींची पट्टी बदलावी लागते, अँटेना बदलावी लागते, चित्र धाडणारें यंत्र बदलावें लागतें. शत्रूही स्वस्थ बसत नाहीं. कांहीं आठवड्यांपूर्वीं उत्तम ठरलेली रचना आज निरुपयोगी ठरते. म्हणून आघाडीवरच्या चालकाचें "हें चालत नाहीं, तें बदला" हें वाक्य घरांतल्या टेबलापर्यंत त्याच दिवशीं पोंचणें अवश्य असतें. आणखी एक बारीकशी बाब पाहा. या छोट्या यंत्रांच्या नियंत्रणपाटीवर जी आज्ञावली भरावयाची तिच्यांत 'बीटाफ्लाइट' ही फार प्रचलित आहे. जगभरच्या हौशी लोकांनीं मिळून ती विनामूल्य तयार केलेली आहे. २०२३ पासूनच्या तिच्या आवृत्त्यांत सोय अशी, कीं आपल्या पाटीस लागेल तेवढाच भाग दूरच्या संगणकावर त्या क्षणीं बांधून मिळतो. खेळण्यासाठीं ड्रोन उडविणाऱ्यास ही चैन वाटते. इंटरनेट तुटलेल्या गांवांत मात्र तीच अडचण होऊन बसते. मोटारी आहेत, पंखे आहेत, तारा जोडून झाल्या आहेत, आणि यंत्राला उडावयाचें कसें हें सांगणारा कोणी नाहीं.

यावरून एक भेद ध्यानीं यावा. निर्बंध सर्व घरगुती कामांवर सारखे आदळत नाहींत. जाळें विणणाऱ्या मंडळाचा संपर्क तीन महिने तुटला, तरी तें मंडळ उपयोगी जाळींच विणीत राहील. फार तर ऋतु पालटल्याचें खिडकींतून पाहून कापडाचा रंग बदलील. मेणबत्तीवाल्यांचेंही तसेंच. ज्यांच्या हातांत डाख देण्याची लेखणी आहे त्यांचें मात्र तीन महिन्यांचें श्रम कदाचित् भंगारांत जातील. वस्तु जितकी जुन्या वळणाची, तितकी ती इंटरनेटवांचून तगते.

आतां रशियाकडे पाहूं. कारण युद्ध करणाऱ्या सरकारानेंच आपल्या स्वयंसेवकांच्या दोऱ्याला कात्री लावावी, हा विलक्षण प्रकार तेथें घडला. २०२२ च्या मार्चांत फेसबुक, ट्विटर व इन्स्टाग्राम बंद झालीं. त्यांचा हेतु उघडच राजकीय होता. आपल्या लोकांनीं परक्यांचें ऐकूं नये हा. २०२४ च्या उन्हाळ्यांत यूट्यूब इतकें मंद झालें कीं, चित्र हलेना. त्याच ऑगस्टांत सिग्नल बंद झालें. आणि ८ ऑक्टोबर २०२४ रोजीं रोस्कोमनादझोर या दळणवळणावर देखरेख करणाऱ्या खात्यानें डिस्कॉर्डवर बंदी घातली. डिस्कॉर्ड हें मूळचें खेळाडू तरुणांचें संभाषणाचें साधन. परंतु रशियन पलटणींतल्या चालकांनीं त्याचा निराळाच उपयोग शोधून काढला होता: ड्रोनमधून दिसणारें रणांगण एकाच वेळीं अनेक अधिकाऱ्यांस दाखविण्यासाठीं त्यांनीं तेथें दालनें उघडलीं होतीं. बंदी होतांच युद्धाचा हिरिरीनें पुरस्कार करणाऱ्या रशियन लेखकांनींच आकांत केला. सैन्यापाशीं स्वतःचें असें सोईचें साधन नव्हतें, म्हणून तर मुलांच्या खेळण्यावर लढाई उभी केलेली. आणि तें खेळणेंच मास्तरांनीं काढून घेतलें!

त्याच वर्षींच्या जुलैंत तेथील लोकसभेनें रणांगणांत मोबाईल बाळगणाऱ्या शिपायास कोठडी देण्याचा कायदा आणिला होता, तेव्हांही असाच गलका झाला. शेवटीं लढाईच्या कामास लागणाऱ्या साधनांना त्यांतून वगळावें लागलें. कायदा करणाऱ्यांस आपलें सैन्य कशावर चाललें आहे याची कल्पना कितपत होती, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

पण बंदीपेक्षांही मंदी अधिक घातक, असें आमचें मत आहे. कारण बंद झालेलें दार दिसतें, अर्धवट लावलेलें दिसत नाहीं. २०२५ च्या जूनपासून रशियांतील तारयंत्रणांनीं एक अजब प्रकार आरंभिला. जगांतील असंख्य संकेतस्थळें क्लाउडफ्लेअर या अमेरिकन कंपनीच्या आसऱ्यानें चालतात. त्यांपैकीं कोणतेंही उघडलें तर पहिले सोळा किलोबाइट तेवढे येत, आणि पुढें सर्व थिजून जाई. सोळा किलोबाइट म्हणजे किती? मराठी मजकूर असेल तर छापील दोन-तीन पानें. एखाद्या भागाचा थ्री-डी आराखडा याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणजे संकेतस्थळाचें शीर्षक दिसावें आणि आराखडा येऊं नये. वाढलेल्या ताटाचा वास यावा आणि घांस मिळूं नये, त्यांतली गत. घरीं बसून काम करणाऱ्यास यंत्र बिघडलें, तार सैल झाली कीं सरकारचा हात आहे, हेंही कळत नाहीं. तो दोन रात्री तार तपासण्यांत घालवितो.

२०२५ च्या मे महिन्यांत मॉस्कोंत विजयदिनाच्या संचलनाच्या वेळीं मोबाईलवरील इंटरनेट बंद ठेवण्यांत आलें. तें एक प्रासंगिक पाऊल म्हणून लोकांनीं सोसलें. मग १ जून रोजीं युक्रेननें मालमोटारींवरील लांकडी खोक्यांतून ड्रोन सोडून रशियाच्या पोटांतल्या विमानतळांवर हल्ला केला. युक्रेनच्या अध्यक्षांनीं त्यांची संख्या ११७ सांगितली. आणि तीं यंत्रें हाकण्यासाठीं रशियाच्याच मोबाईल जाळ्याचा उपयोग झाला होता. त्यानंतर एकामागून एक प्रांत मोबाईल इंटरनेट तासन्‌तास, कोठें दिवसेंदिवस बंद ठेवूं लागले. १३ ऑगस्ट २०२५ रोजीं व्हॉट्सअ‍ॅप व टेलिग्रामवरून बोलण्याची सोय आंखडण्यांत आली. १ सप्टेंबरपासून 'मॅक्स' नांवाचें देशी साधन प्रत्येक नव्या मोबाईलमध्यें आधींपासून घातलेलें असलें पाहिजे, असा दंडक आला. आणि त्याच महिन्यांत इंटरनेट बंद असतांनाही चालूं राहतील अशा संकेतस्थळांची एक 'पांढरी यादी' निघाली. तींत सरकारी सेवा होत्या, व्हीके व यांडेक्स होते, ओझोन व वाइल्डबेरीज या मोठ्या दुकानदारांची वर्णी लागली होती.

न्यायानें बोलावयाचें तर या निर्बंधांस कांहींच आधार नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. शत्रूचें यंत्र आपल्याच मोबाईल मनोऱ्यांच्या साहाय्यानें वाट शोधीत येत असेल, तर मनोरे मुके करावे ही कल्पना कोणत्याही सेनापतीस सुचेल. शिवाय स्वयंसेवकांची जीभ सैल असते. आपल्या कार्यशाळेचा फोटो हौसेनें चढवावा, मागच्या खिडकींतून चर्चचा मनोरा दिसावा, आणि त्यावरून जागा ओळखून तिसऱ्या दिवशीं तेथें क्षेपणास्त्र यावें, इतकें तें धोक्याचें आहे. म्हणूनच युक्रेननेंही २०२२ च्या मार्चांत सैन्याच्या हालचाली व ठिकाणें प्रसिद्ध करणें हा फौजदारी गुन्हा ठरविला. आमचा आक्षेप आहे तो, बोलणाऱ्याच्या जिभेला शिस्त लावण्याऐवजीं सगळ्या गांवाचे कान बंद करण्याला.

कान बंद झाले म्हणजे काय होतें, तें पैशाच्या बाबतींत सर्वांत लवकर दिसतें. स्वयंसेवकांचें काम वर्गणीवर चालतें आणि वर्गणी विश्वासावर. रशियांत काय, युक्रेनमध्यें काय, रीत एकच: मंडळानें मागणी जाहीर करावयाची, लोकांनीं मोबाईलवरून पैसे धाडावयाचे, आणि वस्तु पोंचली कीं शिपायांनीं ती हातांत धरून काढलेलें चित्र सर्वांस दाखवावयाचें. तें चित्र म्हणजे पावती. या रीतीचें सामर्थ्य केवढें, तें २०२२ च्या जूनमध्यें दिसलें. सेर्ही प्रितुला या विनोदी नटाच्या प्रतिष्ठाननें बायराक्तार ड्रोन घेण्यासाठीं हांक दिली आणि तीन दिवसांत साठ कोटी ह्रीव्ह्निया जमले. तुर्की कंपनीनें पैसे न घेतां तीन विमानें तशींच दिलीं, आणि तो निधि मग उपग्रहाच्या चित्रांसाठीं खर्च झाला. आतां समजा, ही पावती दाखविण्याची जागाच मंद झाली. चित्र उघडत नाहीं. बाजारांतल्या बाईच्या मोबाईलवरून पैसे जात नाहींत. मंडळाच्या हिशेबाविषयीं कोणाच्या मनांत विकल्प नसतो, पण आठवणीचा दोराच तुटतो. आणि दान हें बरेंचसें आठवणीवर अवलंबून असतें, हें आपल्याकडच्या कोणत्याही गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदारास विचारावें.

पांढऱ्या यादीचा दुसराही एक परिणाम आहे, आणि आमच्या दृष्टीनें तोच सर्वांत दूरवर पोंचणारा. घरांत तार टाकून आणलेलें इंटरनेट रशियांत बहुधा चालूं राहिलें. बंद झालें तें मुख्यतः मोबाईलचें. त्यामुळें मोठ्या शहरांतील मोठ्या मंडळांचें काम कसेंबसें निभावलें. सामान घेऊन आघाडीकडे जाणारा मोटारवाला, सीमेलगतच्या गांवांतलें चार बायकांचें मंडळ, तार न पोंचलेल्या खेड्यांतला एकटा कारागीर, यांचा मात्र दोरा तुटला. ज्यांना सरकारची ओळख आहे, ज्यांचें खातें सरकारमान्य साधनावर आहे, ते राहिले. बाकीचे गळत गेले. परवानगीशिवाय उभें राहिलेलें काम हळूहळू परवानगीच्या छत्राखालीं ओढलें जातें. सरकारी कारखान्यांतून लाखों ड्रोन निघूं लागल्यावर अशा घरगुती कामाची गरज कमी होते, हेंही खरें आहे. झेलेन्स्की यांनीं २०२३ च्या डिसेंबरांत पुढील वर्षीं दहा लाख ड्रोन करण्याचा संकल्प जाहीर केला तेव्हां त्यांतला बहुतेक भार कारखान्यांवरच होता. पण कारखान्यास नवी युक्ति सुचत नाहीं. ती सुचते रात्रीं टेबलाशीं बसलेल्या माणसाला, आणि सुचल्यावर ती कोणास तरी सांगतां आली पाहिजे.

युक्रेननें इंटरनेटच्या बाबतींत हात पूर्ण मोकळा सोडला, असेंही नाहीं. व्हीके व यांडेक्स हीं रशियन संकेतस्थळें त्यानें २०१७ च्या मे महिन्यांतच बंद केलीं होतीं, आणि २०२४ च्या सप्टेंबरांत सरकारी व लष्करी कचेऱ्यांच्या यंत्रांवर टेलिग्राम वापरण्यास मनाई केली. पण सामान्य माणसाचें टेलिग्राम त्यानें चालूं ठेवलें. उलट जाळें तगविण्यासाठीं जिवापाड धडपड केली. १० ऑक्टोबर २०२२ पासून विजेच्या केंद्रांवर क्षेपणास्त्रें पडूं लागलीं, तेव्हां गांवोगांव 'अजिंक्यतेचीं ठिकाणें' उघडलीं गेलीं. तेथें ऊब, वीज आणि इंटरनेट मिळे. लोक अन्नापाण्याबरोबर इंटरनेटही मागतात, हें तेथील सरकारानें ओळखलें होतें. जाळें तुटण्याचा अनुभव त्या देशास आला तो शत्रूच्या हातून. १२ डिसेंबर २०२३ रोजीं कीव्हस्तार या सर्वांत मोठ्या मोबाईल कंपनीवर संगणकी हल्ला झाला आणि तिचे सुमारें दोन कोटी चाळीस लाख ग्राहक मुके झाले. सेवा सुरळीत होण्यास कित्येक दिवस लागले. शत्रूनें जें करण्यासाठीं एवढा खटाटोप केला, तेंच दीड वर्षानें त्यानें आपल्या प्रजेवर हौसेनें केलें, ही विचित्र जोडी पाहून हंसावें कीं रडावें कळत नाहीं.

हा प्रश्न केवळ थंड देशांचा आहे असें समजूं नये. आपल्या ईशान्येकडील शेजारी म्यानमारमध्यें १ फेब्रुवारी २०२१ रोजीं लष्करानें सत्ता बळकावली. तीनच दिवसांत फेसबुक बंद झालें, १५ फेब्रुवारीपासून रोज रात्रीं एक ते सकाळीं नऊ इंटरनेट तोडण्यांत येऊं लागलें, १५ मार्चला मोबाईलवरचें गेलें, २ एप्रिलला बिनतारी जोडण्याही गेल्या. लष्कराविरुद्ध उठलेल्या तरुणांनीं जंगलांत कार्यशाळा घातल्या. प्लास्टिकच्या छापील भागांच्या बंदुका त्यांनीं केल्या, पुढें ड्रोन केले. आराखडे जगभरच्या जाळ्यांतून आलेले, आणि जाळें तर तुटलेलें. ज्या भागांत इंटरनेट नाहीं तेथें आराखडा माणसाच्या खिशांतून चालत जातो, इतकाच उपाय. पैसा उभा करण्याची त्यांची तऱ्हा मात्र अपूर्व होती. परदेशांतले व शहरांतले सहानुभूतिदार ठराविक चित्रफिती पाहात, जाहिरातींवर बोट दाबीत, आणि त्या जाहिरातींचें उत्पन्न प्रतिकाराच्या निधींत जाई. २०२२ मध्यें तर याच हेतूनें मोबाईलवरचा एक लढाईचा खेळच निघाला. घरांत बसलेली आजारी बाईसुद्धां दिवसांतून दोनशें वेळां बोट दाबून आपला वांटा उचलूं शके. लष्करानें याला उत्तर म्हणून कीं काय, २०२२ च्या आरंभीं सिमकार्डांवर व इंटरनेटवर कर वाढविला, आणि १ जानेवारी २०२५ रोजीं परवानगीवांचून व्हीपीएन पुरविणें गुन्हा ठरविणारा कायदा केला. चाकीवर फिरणारा पहारेकरी वाटसरूचा मोबाईल उघडून आंत काय आहे तें पाहूं लागला.

इंटरनेट तोडण्याच्या घटनांची मोजदाद 'अ‍ॅक्सेस नाऊ' ही संस्था दरवर्षीं करते. २०२४ सालच्या तिच्या यादींत म्यानमार ८५ घटनांनीं पहिला होता. ८४ घटनांनीं दुसरा आलेला देश आपला. आपल्याकडचीं कारणें निराळीं, दंगे व परीक्षाही त्यांत येतात. पण सवय जडली कीं कारणें सांपडत जातात, एवढें येथें नमूद करून पुढें जातों.

आणि आतां खेर्सोनविषयीं थोडें. द्नीप्रो नदीच्या कांठचें हें शहर २०२२ च्या मार्चांत रशियनांच्या हातीं पडलें. ३० एप्रिल रोजीं तेथील इंटरनेट जवळजवळ पूर्ण तुटलें, आणि परत आलें तें रशियाच्या मार्गानें, रशियाच्या देखरेखीखालीं. जे लोक तोंपर्यंत गुपचूप औषधें, निरोप, पैसे हलवीत होते त्यांना आपल्या देशाशीं बोलणेंच अशक्य होऊन बसलें. ११ नोव्हेंबर २०२२ रोजीं शहर सुटलें. पण शत्रु नदीपलीकडेच होता. पुढच्या वर्षांत त्याचे छोटे ड्रोन नदी ओलांडून बाजारांतल्या माणसांच्या, बसगाड्यांच्या, रुग्णवाहिकांच्या मागें लागूं लागले. यांतले कांहीं आतां बिनतारी लहरींवरही चालत नाहींत. केसासारखी बारीक कांचेची तार दहा-वीस किलोमीटर उलगडीत ते येतात, त्यामुळें त्यांच्यावर गोंगाटाचा उपाय चालत नाहीं, कीं मोबाईलचे मनोरे बंद करण्याचा. लढाईनंतर शेतांतून या तारांचे गुंते उन्हांत चमकत पडलेले दिसतात.

त्यावर खेर्सोनच्या लोकांनीं जो उपाय केला तो फार जुना आहे. रस्त्यांच्या दोन्ही कडांना खांब रोंवून त्यांवर जाळीं ताणलीं. पंखा जाळ्यांत अडकला कीं यंत्र लोंबकळत राहतें. एवढीं जाळीं आणावयाचीं कोठून? डेन्मार्क, स्वीडन आणि फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचे कोळी आपलीं जुनीं, वापरून झालेलीं मासेमारीचीं जाळीं गोळा करून ट्रक भरभरून पाठवूं लागले. ज्यांत पूर्वीं समुद्रांतले मासे सांपडत, त्या दोऱ्यांखालून आतां खेर्सोनची बस जाते. जाळें फाटलें म्हणजे तेथलींच माणसें शिडी लावून वर चढतात आणि हातांनीं गांठी मारतात. आणि कोणत्या चौकांत फाटलें आहे, हें त्यांना मोबाईलवर कळतें.